गोळी स्वस्त, वाट महाग

रक्तदाबाची गोळी रोज एक या हिशेबाने महिन्याला तीस लागतात. एखादे आजोबा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीस गोळ्या घेऊन गेले आणि मार्चच्या आरंभी "अजून आठ शिल्लक हायेत, डॉक्टरसाहेब" असे सांगत आले, तर त्या आठ गोळ्यांचा अर्थ काय होतो? साठ दिवसांत बावीस गोळ्या पोटात गेल्या. म्हणजे जवळजवळ तीन दिवसांत एक. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र त्या शिल्लक गोळ्यांचे समाधान असते. घरखर्चाला आपणही थोडा हातभार लावला, असे त्यांना वाटत असते.

अशा अर्ध्या पट्ट्या गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर अधिक दिसू लागल्या आहेत. विसरभोळेपणा हे त्याचे एक कारण खरेच. परंतु शांतपणे विचारत गेले की बोलणे बहुधा पेट्रोलवर, रिक्षाच्या भाड्यावर, घराच्या हप्त्यावर किंवा पुण्यातल्या मुलाच्या खोलीभाड्यावर येऊन थांबते. आरोग्यविषयक सदरात पेट्रोल आणि घरभाडे कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांचा रक्तदाब आणि साखर या दोन गोष्टींना अगदी चिकटून चालतात, एवढेच उत्तर देतो.

धाराशिव शहर गेल्या वीस वर्षांत चहूबाजूंनी पसरले. सांजा रस्ता, शिंगोलीची बाजू, बार्शी नाक्याच्या पुढचा भाग, तुळजापूरकडे जाणारी वाट, सगळीकडे एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घरे उभी राहिली. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, गावाकडचा विकलेला जमिनीचा तुकडा, वर थोडे कर्ज, असे करून लोकांनी ती बांधली. गावात जागा परवडत नव्हती म्हणून बाहेर घेतली. आणि प्लॉट जितका स्वस्त, तितका तो बसस्थानकापासून, बाजारापासून आणि दवाखान्यापासून दूर. घेताना हे अंतर कुणाला जाणवले नाही, कारण तेव्हा गुडघे चालत होते आणि पेट्रोल शंभरीच्या खाली होते. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली, ती ओलांडलीच.

हिशेब करून पाहू. घर गावापासून सहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी दुचाकी एका फेरीत पाव लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, म्हणजे पंचवीस रुपये. कामावर जाणाऱ्या मुलाची एक फेरी आणि शाळा-शिकवणी-भाजीपाल्याची एक, अशा रोजच्या दोन फेऱ्या धरल्या तर महिन्याचे पंधराशे रुपये झाले. श्रावणबाळ योजनेतून निराधार ज्येष्ठाला महिन्याला मिळतात तेही १,५०० रुपयेच. अशा घरात तिसरी फेरी आजीच्या तपासणीसाठी काढायची वेळ आली की ती "पुढच्या आठवड्यात बघू" या सदरात जाते. शिवाय ऐंशीच्या घरातल्या, गुडघे वाकत नसलेल्या आजींना दुचाकीवर बसवता येत नाही. रिक्षाच बोलवावी लागते, आणि कॉलनीपर्यंत येणारा रिक्षावाला परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे धरतो. त्याचीही बाजू खरीच आहे.

आता गोळीची किंमत पाहा. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन ही गोळी जनऔषधी केंद्रात दहा रुपयांना दहा किंवा त्याहूनही स्वस्त मिळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनही महाग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत ही दोन्ही औषधे पैसे न देता मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. म्हणजे आज औषध परवडत नाही असे जे घर म्हणते, त्यातल्या बऱ्याच घरांना औषध परवडते. औषधापर्यंतची वाट परवडत नाही. हा फरक ओळखला नाही तर आपण चुकीच्या जागी काटकसर करतो. गोळी वाचवण्यापेक्षा फेरी वाचवली पाहिजे.

ती कशी वाचवायची? ज्यांचा रक्तदाब आणि साखर सहा-सहा महिने स्थिर आहे, त्यांनी दर महिन्याला डॉक्टरांचे तोंड पाहिलेच पाहिजे असे नाही. दोन किंवा तीन महिन्यांची औषधे एकदम लिहून द्या, असे आपल्या डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. स्थिर रुग्णाच्या बाबतीत ते बहुधा मान्य करतात. घरी हातावर बांधायचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर आठवड्यातून एकदा सकाळी पाच मिनिटे स्वस्थ बसून आकडा वहीत लिहावा. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एक यंत्र घेतले तरी चालते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा पाहणे, या गोष्टी वेगवेगळ्या दिवशी करत बसू नये; एका फेरीत जेवढ्या बसतील तेवढ्या बसवाव्यात. साखर स्थिर असेल तर सरासरी साखरेची तपासणी वर्षातून दोनदा पुरते. मूत्रपिंड आणि डोळे यांची वर्षातून एकदा. सरकारी केंद्रात गोळ्यांचा साठा संपला असे कधी कधी ऐकावे लागते, म्हणून शेवटच्या गोळीची वाट न पाहता हाती दहा दिवसांच्या उरल्या असतानाच चौकशी करावी, आणि निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा केंद्रात फोन करून विचारावे. रिकाम्या हाताने परत येण्याइतका महाग प्रवास नाही.

खेड्यातून येणाऱ्यांसाठी एसटीची सवलत मोठी आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तेव्हा या सवलतींमुळेच अनेक म्हाताऱ्या माणसांची दवाखान्याची वारी टिकली. मात्र गंमत अशी की बेंबळीहून किंवा ढोकीहून धाराशिवला येणारे आजोबा फुकट येतात आणि शहराच्या टोकाला राहणाऱ्या आजोबांना रिक्षा करावी लागते, कारण सवलतीची एसटी कॉलनीच्या गल्लीत शिरत नाही. तपासणीसाठी एकाच कॉलनीतल्या तिघा-चौघांनी एकच दिवस ठरवून एक रिक्षा सांगितली तर भाडे वाटले जाते. माझ्या माहितीत दोन ठिकाणी असे चालू आहे, आणि त्यातल्या मंडळींच्या तपासण्या सहसा चुकत नाहीत. एकाला कंटाळा आला तर दुसरा त्याला उठवतो.

हे झाले रस्त्याचे. घराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या व्याजदराने गृहकर्ज घेतलेल्यांचे हप्ते वाढले, किंवा हप्ता तोच राहून वर्षे वाढली. २०२५ मध्ये दर काहीसे उतरले, तरी दरम्यान अनेक घरांनी एक उपाय शोधला होता: खालचा मजला भाड्याने देणे. भाडेकरूला खालचीच जागा हवी असते. बँकेतला कर्मचारी, परिचारिका, शिक्षक, विद्यार्थी कुणीही असो. मग घरची मंडळी वर जातात. वर स्लॅब टाकायला पैसे पुरलेले नसतात, म्हणून विटांच्या भिंतींवर पत्रे. आणि वरच्या दोन खोल्यांतली रस्त्याकडची, उन्हाची खोली कुणाच्या वाट्याला येते? जी व्यक्ती "मला काय, कुठंबी चालतंय" असे म्हणते, तिच्या.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालची खोली दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही तापते आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. जुन्या माळवदाच्या घरांत असा ताप नव्हता. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा आणि लोहारा भागात दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गेली, तेव्हापासून त्या घरांवरचा आपला विश्वास उडाला, आणि तो उडणे स्वाभाविक होते. त्यांच्या जागी आलेला पत्रा अंगावर पडून जीव घेत नाही, हे खरे. वृद्धाच्या शरीराला मात्र तो उन्हाळाभर हळूहळू सुकवत राहतो.

त्यात आणखी एक गोष्ट असते. संडास-मोरी बहुधा खालीच राहिलेली असते. रात्री दोनदा उठून अंधारात जिना उतरायचा, पुन्हा चढायचा, गुडघे दुखतात, सुनेची झोप मोडते. म्हणून आजी संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीत. दिवसाही बेताचेच, कारण पाणी विकतचे. उजनीचे पाणी रोज येत नाही आणि टँकर डिझेलवर चालतो. मग लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ. त्या रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर अंगातले पाणी आणि क्षार दोन्ही कमी होतात. पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि जिन्यावर तोल जातो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेच्या कागदपत्रांवर "पडल्यामुळे" एवढेच लिहिलेले असते. त्यामागची हप्त्याची, भाडेकरूची आणि न प्यालेल्या पाण्याची कथा कुठेच लिहिली जात नाही.

खालचा मजला भाड्याने देऊ नका, असे मी म्हणू शकत नाही. हप्ता मी भरणार नाही. परंतु भाडेकरूशी बोलताना खालची एक खोली, निदान पुढची पडवी, म्हाताऱ्या माणसाकरिता राखता येते का हे पाहावे, भाडे थोडे कमी मिळाले तरी. ते अगदीच शक्य नसेल तर वरच्या खोलीत कमोड खुर्ची किंवा झाकणाचे भांडे ठेवावे आणि त्यात लाज मानू नये. जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला दांडा, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाची पट्टी आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढे तरी करून घ्यावे. मार्चमध्येच पत्र्यावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्यावा. खोलीतली धग जाणवण्याइतकी उतरते. दुपारी बारा ते चार त्या खोलीत कुणी झोपू नये, खाली भाडेकरूच्या ओट्यावर बसले तरी चालेल. उन्हाळ्याच्या तोंडावर लघवीच्या गोळीचे प्रमाण बदलायचे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. इन्शुलिनची बाटली पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवू नये. फ्रीज नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठात ठेवावी.

गॅसचे थोडक्यात सांगतो. घरगुती सिलिंडरचा दर ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी उतरला, एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी चढला. या चढउतारात शहराच्या कडेच्या घरांनी मधला मार्ग काढला आहे: सून गॅसवर स्वयंपाक करते आणि आंघोळीचे पाणी व भाकरी यांसाठी मागच्या अंगणात चूल पेटते. चुलीपुढे बसतात सासूबाई, कारण त्यांना ते "जमतं". तुराट्या आणि गवऱ्यांचा धूर चाळीस वर्षे घेतलेल्या फुप्फुसांना तो पुन्हा घ्यायला लावणे बरे नव्हे. आयुष्यात कधी विडीला स्पर्श न केलेल्या बायकांना दम्यासारखी धाप लागते, ती याच धुराने. चूल ठेवायचीच असेल तर उघड्यावर, वाऱ्याची पाठ धरून, वाळलेल्या लाकडावर; पेटवायला टायर, चप्पल, प्लॅस्टिकची पिशवी कदापि नको. पाणी तापवायला आपल्याकडचे ऊन वर्षातले आठ महिने पुरते. काळ्या रंगाची टाकी किंवा पिंप गच्चीवर ठेवून पाहा. आणि थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे जीवघेणे असते, हे पुन्हा सांगतो.

आता काय कमी करावे आणि काय करू नये. बळ येण्याचे टॉनिक, डब्यातली प्रथिनांची पावडर, जाहिरातीतले सांध्यांचे चूर्ण, गोळ्यांच्या यादीत वर्षानुवर्षे राहून गेलेली जीवनसत्त्वे, यांतले बरेचसे डॉक्टरांना विचारून खुशाल बंद करता येते. "अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावा" हा आपल्या भागातला लाडका उपचार तर पहिल्यांदा बंद करावा. अन्न-पाणी तोंडाने घेऊ शकणाऱ्या माणसाला त्या बाटलीतून मीठ-पाणी किंवा साखर-पाणी याहून फारसे काही मिळत नाही. त्या पैशांत महिन्याचे शेंगदाणे, हरभरे आणि हुलगे येतात; दात नसले तरी हुलग्याचे माडगे पिता येते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डाळी-कडधान्यांचे प्रमाण विचारूनच ठरवावे.

इन्शुलिन, फिटची औषधे, हृदयात स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, थायरॉईड, दीर्घकाळ चालू असलेले स्टिरॉइड आणि मेटोप्रोलॉलसारख्या नाडी संथ करणाऱ्या गोळ्या यांना मात्र मनाने हात लावू नये. यांतली काही अचानक थांबवली तर मूळ आजारापेक्षा मोठे संकट उभे राहते. खर्च झेपत नसेल तर तसे सरळ सांगा. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय देणे, तीन गोळ्यांच्या दोन करणे, हे डॉक्टरांचेच काम आहे. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. महिन्याच्या गोळ्यांना ते कार्ड उपयोगी पडत नाही, म्हणून कार्ड आहे या भरवशावर गोळ्या सोडू नयेत.

भाड्याच्या गाडीचा विचार एका वेळी मुळीच करायचा नसतो. माझ्या ओळखीच्या एका घरात पहाटे तीनला वडिलांचा उजवा हात जड झाला, शब्द अडखळू लागले. सोलापूर साधारण सत्तर किलोमीटर. रात्रीची खासगी गाडी किती घेईल या विचाराने वडिलांनीच खुणेने थांबवले, आणि घरचे सकाळच्या एसटीने निघाले. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. ते पोहोचले तेव्हा ती वेळ उलटली होती. आज ते चालतात, पण नातवाचे नाव त्यांना उच्चारता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती विनामूल्य आहे आणि रात्रीही येते. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब आणि घाम, यांपैकी काहीही दिसले तर त्या घरात पहिला फोन १०८ ला गेला पाहिजे, नातेवाइकांना नंतर. लक्षणे किती वाजता सुरू झाली तेवढे कागदावर टिपून ठेवावे.

शेवटी पुण्यात राहणाऱ्या मुलामुलींशी दोन शब्द. वाघोलीत, चाकणला, हिंजवडीत तुमचे भाडे दर अकरा महिन्यांनी वाढते, हे इथे तुमच्या आईवडिलांना पाठ असते. कित्येक घरांत निवृत्तिवेतनातला काही भाग गुपचूप तिकडे जातो; पूर्वी मनिऑर्डर तिकडून इकडे येई. हे देणे-घेणे तुमच्या घरातले आहे, त्यात मी बोलणार नाही. परंतु फोनवर "गोळ्या घेता ना, अण्णा?" असे विचारू नका. त्याचे उत्तर "हो" असेच येणार. व्हिडिओ कॉल करा आणि गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा. पट्टीच्या मागे विकत आणल्याची तारीख लिहायची सवय लावा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. तारखेपासून जितके दिवस गेले तितकी घरे रिकामी असली पाहिजेत. जास्त गोळ्या उरल्या असतील तर रागावू नका. आधी विचारा की दवाखान्यात कुणाबरोबर जाता, कशाने जाता आणि जायला-यायला किती पडतात.